तुमचे आवडते रॉक गीतकार कोण, आणि त्यांच्या लिखाणातलं नेमकं काय आवडतं?

जॉन मेलनकॅम्प, ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि ट्रेसी चॅपमन. याच क्रमाने. बॉब डिलन कुठे गेला असं कोणी विचारेल म्हणून आधीच सांगते, तोही आहे, पण एकाच गाण्यासाठी, आणि ते गाणं माझ्याच्यानं पुन्हा पुन्हा ऐकवत नाही. त्याच्याकडे पुढे येते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, केवायसी, जातीचे दाखले, पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज. इंग्रजी गाणी घरात आली ती दादामुळे. तो अमरावतीला इंजिनिअरिंगला होता आणि सुट्टीत होस्टेलवरून पेन ड्राइव्ह भरून आणायचा. त्याला गिटार आवडायची. मला गाणारा काय सांगतोय ते कळल्याशिवाय चैन पडायची नाही, म्हणून मी मोबाईलवर शब्द शोधून वाचायला लागले. कित्येक गाणी तिथेच गळाली. वाजतात झकास, पण शब्द वाचले तर हाती काहीच लागत नाही. जी उरली ती मात्र कायमची उरली.

उरलेल्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. हे गीतकार मोठ्या दुःखाबद्दल मोठं बोलत नाहीत. नेमक्या एका वस्तूवर, एका माणसावर बोट ठेवतात आणि पुढचं ऐकणाऱ्यावर सोडून देतात.

मेलनकॅम्प इंडियाना राज्यातल्या सीमोर नावाच्या छोट्या गावचा, जन्म 1951 चा. त्याचं 'रेन ऑन द स्केअरक्रो' हे गाणं 1985 च्या 'स्केअरक्रो' अल्बममधलं. जॉर्ज ग्रीन नावाच्या बालमित्रासोबत त्याने ते लिहिलं. गाणं एका शेतकऱ्याच्या तोंडी आहे. मागच्या हंगामाच्या पिकात कर्ज फिटलं नाही, पेरणीला बियाणं घ्यायला पैसा उरला नाही, बँकेने जमिनीवर जप्ती आणली. इथपर्यंतची गोष्ट आमच्याकडे कोणीही सांगेल. पण मग तो म्हणतो की जमिनीचा लिलाव पुकारायला बोलावलं ते जुन्या मित्राला, शेपमनला. शेपमन म्हणतो, जॉन, हे माझं काम आहे रे, समजून घे. आणि शेतकऱ्याचं उत्तर काय? काम म्हटल्याने ते बरोबर ठरत नाही, पण तुझी इच्छा असेल तर आज रात्री तुझ्या आत्म्यासाठी प्रार्थना करीन.

या दोन वाक्यांवरून मी मेलनकॅम्पला पहिला नंबर देते. बँकेला शिव्या घालणं सोपं होतं, आणि तसं गाणं चाललंही असतं. त्याने बँक एका ओळीत संपवली आणि दोन मित्रांना समोरासमोर उभं केलं. आमच्याकडे वसुलीची नोटीस घेऊन येणारा माणूसही परका नसतो. तो कोणाचा तरी साळा असतो, लग्नात पंगतीला शेजारी बसलेला असतो. नोटिशीवर सही घेऊन झाली की पुढे आलेला चहा घ्यावा की घेऊ नये, हे त्यालाही उमगत नाही. कप हातात धरून तो पावसापाण्याचं काहीतरी बोलतो आणि चहा अर्धा ठेवून उठतो. मी हे आमच्याच ओसरीवर पाहिलं आहे.

पीकविम्याच्या अर्जांची गर्दी असते त्या दिवसांत साइट उघडायला तास तास लागतो. अशाच एका दुपारी बाकावर एक काकाजी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्या कॉम्प्युटरवर हळू आवाजात हेच गाणं चालू होतं.

"काय आयकून रायली वं पोरी?"

"अमेरिकेतल्या एका कास्तकाराचं गानं आहे काकाजी. त्याच्या वावराचा लिलाव होऊन रायला."

"पुकारते कोन?"

"त्याचाच दोस्त."

काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग तं त्या दोस्ताले गाव सोडा लागलं असन."

गाण्यात हे कुठेच नाही. शेपमन एका कडव्यात येतो आणि जातो. पण लिहिणाऱ्याने त्याला नाव दिलं, एक वाक्य दिलं, म्हणून काकाजींना त्याचं पुढचं आयुष्य दिसलं. 'बँकेचा अधिकारी' एवढंच लिहिलं असतं तर त्यांनी मान हलवली असती आणि साइट उघडली का ते विचारलं असतं.

याच गाण्यात पुढे ओसरीतल्या झोपाळ्यावर बायबल हातात घेऊन बसलेली आजी आहे, आणि कोर्टाच्या आवारात रोवलेले 97 क्रूस आहेत. 97 क्रूस, 97 कुटुंबं, 97 शेतं. तो आकडा तिन्ही वेळा तसाच उच्चारला जातो. शेवटी तो मुलाला सांगतो की तुझ्यासाठी मागे ठेवायला आता काही उरलं नाही. हे नुसतं कल्पनेतलं नव्हतं. 1970 च्या दशकात धान्याला भाव होता, जमिनीच्या किमती चढत होत्या, तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांनी जमिनीवर कर्ज काढून आणखी जमीन आणि यंत्रं घेतली. 1980 नंतर व्याजदर भडकले, धान्याची निर्यात घटली, जमिनीची किंमत कोसळली, आणि कर्ज मात्र तेवढंच राहिलं. एकर आमच्यापेक्षा कितीतरी जास्त, ट्रॅक्टर मोठे, पण गणित ओळखीचं.

आता डिलन. 13 जुलै 1985 ला इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड' ही प्रचंड मैफल झाली, एकाच दिवशी लंडनला आणि फिलाडेल्फियाला. फिलाडेल्फियाच्या मंचावर डिलन बोलून गेला की यातले थोडे पैसे आपल्याकडच्या शेतकऱ्यांची बँकेची कर्जं फेडायला वापरता आले तर बरं. अनेकांना ते आवडलं नाही, मैफल कशासाठी आणि हा बोलतो काय, असं झालं. पण विली नेल्सन, नील यंग आणि मेलनकॅम्प या गायकांनी ते मनावर घेतलं आणि 22 सप्टेंबरला, म्हणजे अडीच महिन्यांच्या आत, इलिनॉयमधल्या शॅम्पेन गावी पहिलं 'फार्म एड', शेतकऱ्यांसाठीची मैफल, उभं राहिलं. ते अजून चालू आहे. गाणं लिहून मोकळं न होता त्या कामाला इतकी वर्षं धरून राहणं, याचाही माझ्या आवडीत वाटा आहे, हे कबूल करते.

'लाइव्ह एड'च्या दिवशी डिलनने म्हटलेल्या गाण्यांत 'बॅलड ऑफ होलिस ब्राउन' होतं, 1964 च्या अल्बममधलं. काटेकोर अर्थाने ते रॉक नव्हे, एकटी गिटार एकाच सुराभोवती घोटत राहते. साउथ डकोटातला एक शेतकरी, बायको आणि पाच लेकरं. डिलन होलिस ब्राउनशी 'तू' म्हणून बोलतो. तुझ्या पिठात उंदीर शिरले, तुझी घोडी रोगाने गेली, तुझ्या विहिरीला पाणी नाही, तुझं लेकरू तुझी बाही ओढतंय. शेवटी त्या घरातली सातही माणसं जातात, आणि मग एकच ओळ येते की दूर कुठेतरी सात नवे जीव जन्माला आले.

आमच्या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात कोणत्या कारणाने येत आलं ते तुम्हाला ठाऊक असेल. त्यावर मराठीत भरपूर कविता झाल्या, व्यासपीठावरून म्हटल्या गेल्या, आणि बऱ्याच ऐकताना मला वाटतं की कवीला आपलं रडणं दाखवायचं आहे. डिलन रडत नाही. तो त्या घरात एक एक करून काय काय संपलं ते सांगतो, आणि ऐकणाऱ्याला 'तू' म्हणून त्याच घरात बसवतो. बाही ओढणारं लेकरू मी पाहिलेलं आहे. म्हणून हे गाणं मला थोर वाटतं आणि म्हणूनच ते सहसा लावत नाही.

इंग्रजी गाण्यांचं गावात काय करायचं, असं मला घरच्यांनीही विचारलंय. माझं उत्तर असतं, पोळ्याच्या झडत्या आठवा. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली बैल उभे केले की कोणीतरी पुढे होऊन खड्या आवाजात झडती म्हणतो, आणि सगळे 'हर हर महादेव' म्हणून उचलून धरतात. जुन्यातली एक बहुतेकांना येते: 'वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी, महादेव रडे दोन पैशासाठी, पार्वतीच्या लुगड्याले छप्पन गाठी.' देवाच्या बायकोचं लुगडं, आणि त्याला छप्पन गाठी! दंड घालायलाही कापड उरलेलं नाही, फाटेल तिथे नुसती गाठ. हे ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं तो माझ्या दृष्टीने मेलनकॅम्पच्याच रांगेत बसतो, आणि थोडा पुढेच. पुढे ती झडती देव गरिबासाठी कधी धावला असा सवाल करते, तोही देवाच्याच नावाने जयजयकार करत, सणाच्या दिवशी, पाटलासमोर. आता झडत्यांत कापसाचा भाव येतो, कर्जमाफी येते, पुढाऱ्यांची नावं येतात. चांगल्या रॉक गाण्याकडून मी याहून वेगळं काही मागत नाही. पाय ठेका धरतील असा जोर हवा, आणि त्या जोरावर कोणाला तरी तोंडावर विचारलेला प्रश्न.

स्प्रिंगस्टीनवर तर मी दिवसभर बोलेन. 1949 चा जन्म, न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्डचा. 'द रिव्हर' (1980) हे गाणं त्याने आपल्या बहिणीच्या आणि तिच्या नवऱ्याच्या आयुष्यावरून लिहिलं. पोरगा आणि मेरी शाळेत भेटतात, दोघं नदीवर पोहायला जातात, मेरीला दिवस जातात. एकोणिसाव्या वाढदिवसाला पोराला दोन गोष्टी मिळतात, कामगार युनियनचं कार्ड आणि लग्नाचा कोट. मला ही ओळ पहिल्यांदा कळली तेव्हा मी गाणं थांबवून ठेवलं होतं. अख्खं तारुण्य संपल्याचं सांगायला त्याने दोन वस्तू निवडल्या, दोन्ही अंगावर बाळगायच्या. मग कोर्टात लग्न, ना फुलं ना लग्नाचा पोशाख. बांधकामावर नोकरी लागते, पुढे कामच मिळेनासं होतं. नदीही आटली आहे हे त्याला माहीत आहे, तरी तो तिथेच जातो.

यात त्याची एक हातोटी बघा. नवरा म्हणतो की मला काहीच आठवत नाही असं मी दाखवतो, आणि मेरी काही वाटत नसल्यासारखं वागते. दोघांत भांडण नाही, कोणी कोणाला फसवलेलं नाही. मी अर्ज भरते तेव्हा नवराबायको दोघं समोर बसलेली असतात, एकमेकांची जन्मतारीख, आधार नंबर पाठ असतो आणि एकमेकांकडे बघत मात्र नाहीत. त्यांच्याबद्दल लिहिलेलं गाणं मला दुसरं सापडलेलं नाही.

'फॅक्टरी' (1978) हे त्याचं छोटंसं गाणं, सव्वादोन मिनिटांचं. सकाळी भोंगा होतो, बाप उठतो, डबा घेतो, फाटकातून आत जातो. कारखाना त्याची ऐकण्याची शक्ती घेतो आणि त्याला जगणं देतो, असं एकाच ओळीत लिहिलंय. आमच्या तालुक्याला जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. हंगामात तिथे जाऊन आलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो, आणि त्याच्या भुवयांवर सरकीची रुई असते. आमच्याकडच्या कोणत्याच गाण्यात ती रुई मला अजून भेटलेली नाही, आणि भेटावी असं फार वाटतं.

त्याचा 'नेब्रास्का' (1982) हा अल्बम कसा झाला तेही सांगायलाच हवं. घरी बसून, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट रेकॉर्डरवर त्याने बँडला दाखवायला म्हणून गाणी नुसती टिपून ठेवली होती. मग बँडसोबत स्टुडिओत ती पुन्हा करून पाहिली, पण कॅसेटवर जे होतं ते तिथे उतरेना. शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर काढली. शब्द आणि म्हणणारा पक्का असला की मागे किती वाद्यं आहेत याने फारसं बिघडत नाही. एका खंजिरीवर तुकडोजी महाराजांनी गावंच्या गावं बसवून ठेवली, तेव्हा आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही.

ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार' 1988 चं. दारू पिणारा बाप, सोडून गेलेली आई, बापाला सांभाळायला शाळा सोडलेली मुलगी. ती दुकानात काम करून थोडे पैसे जमवते आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्या मुलाला म्हणते, चल, शहरात जाऊ. जातात. तिला नोकरी लागते, त्याला नाही. लेकरं होतात. तो रात्री उशिरापर्यंत दोस्तांसोबत पीत बसतो. म्हणजे बापाच्या घरातून जे मागे टाकून ती निघाली होती, ते तिच्याच घरात येऊन बसलं.

कारागिरी बघायची तर या गाण्यात बघावी. पालुपदात त्या गाडीचा वेग आहे, खांद्याभोवतीचा हात आहे, आपण कोणीतरी होऊ शकतो ही भावना आहे. शब्द प्रत्येक वेळी तेच. पण मधली कडवी पुढे सरकत जातात, त्यामुळे पहिल्यांदा जे स्वप्न होतं ते शेवटच्या वेळी आठवण झालेलं असतं. तिने पालुपदातला एक शब्द बदललेला नाही. आणि 'आपण निघू' म्हणणारी मुलगी शेवटी त्याला सांगते, तुझी गाडी घे आणि तू जा. आमच्या भुलाबाईच्या गाण्यांतही ही युक्ती आहे. सासू सुनेला माहेरी जायला नाही म्हणत नाही, फक्त आधी कारल्याचं बी पेरायला सांगते, मग वेल येऊ दे म्हणते, मग फूल, मग कारलं. ओळ तीच, आणि माहेर दर फेरीला लांब. पोरी टाळ्या वाजवत ते म्हणतात, आणि म्हणता म्हणता सगळं शिकतात.

2023 मध्ये ल्यूक कोम्ब्स नावाच्या गोऱ्या कंट्री गायकाने हे गाणं पुन्हा म्हटलं आणि त्या वर्षीचा कंट्री संगीतातला सर्वोत्तम गीताचा पुरस्कार चॅपमनला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. पस्तीस वर्षांपूर्वीच्या गाण्याला! मला त्या दिवशी घरचं कोणीतरी जिंकल्यासारखं झालं होतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचा जॉन फॉगर्टी सोपे शब्द वापरणाऱ्यांत सगळ्यात वरचा. 'फॉर्च्युनेट सन' (1969) मध्ये श्रीमंतांची, पुढाऱ्यांची पोरं युद्धाला जात नाहीत एवढीच गोष्ट आहे आणि ती सव्वादोन मिनिटांत सांगून तो निघून जातो. पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स एरवी मला थोडा उपदेशी वाटतो, पण 'टाइम' (1973) ला तोड नाही. कोणीतरी रस्ता दाखवेल म्हणून वाट पाहत बसलेला माणूस, आणि एक दिवस मागे वळून पाहावं तर दहा वर्षं गेलेली. तालुक्याच्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करत बसलेल्या पोरांना मी ते मराठीत सांगितलं तेव्हा एकाने मला अख्खं लिहून मागितलं. लेड झेपेलिनचं वाजवणं मला मनापासून आवडतं, शब्दांसाठी मात्र मी तिकडे जात नाही.

जोनी मिचेलला मी रॉकमध्ये धरते, कोणी धरो न धरो. 'बिग यलो टॅक्सी' (1970) मध्ये ती मधेच थेट शेतकऱ्याला हाक मारते की बाबा, ते डीडीटी आता बाजूला ठेव, सफरचंदावर डाग असले तरी चालतील, पण पाखरं आणि मधमाश्या राहू दे. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, फवारा तोंडावर येणारा, अंगात साधा शर्ट. मिचेलने पाखरांसाठी हाक मारली, फवारणाऱ्याच्या छातीत काय जातं ते तिच्या ओळीत नाही. पण शेतकऱ्याला नाव घेऊन हाक मारणारं इतकं गाजलेलं गाणं मला दुसरं माहीत नाही, आणि ती हाक प्रेमाची आहे. उरलेली ओळ आमच्यापैकीच कोणीतरी लिहायची आहे. पोळ्याच्या झडतीत ती येईल असं मला वाटतं.

तुम्हाला ऐकायला सुरुवात करायची असेल तर 'फास्ट कार' पासून करा, इंग्रजी सोपं आहे. आधी शब्द वाचा, मग ऐका. 'स्केअरक्रो' मोठ्या आवाजात लावा, त्यातला केनी अ‍ॅरोनॉफचा ड्रम छातीवर आदळायला हवा. 'नेब्रास्का' ला हेडफोन हवेत. 'होलिस ब्राउन' मात्र रात्री एकट्याने ऐकू नका, जवळ कोणीतरी असू द्या, ऐकून झाल्यावर बोलायला.